हवामानरोधी पोलाद

हवामानरोधी पोलाद हे तांबे, क्रोमियम, निकेल, स्फुरद यांसारखी मूलद्रव्ये अल्प प्रमाणात मिसळलेले पोलाद आहे. उघड्यावर राहिल्यास त्याच्या पृष्ठभागावर गंजाचा दाट व घट्ट चिकटलेला थर बनतो आणि हा थरच पुढील गंजण्याचा वेग कमी करतो. ‘कॉर्टेन’ या व्यापारनावाने ते अधिक परिचित आहे. त्याला ‘न गंजणारे पोलाद’ म्हणणे चुकीचे ठरते. ते गंजते, मात्र सावकाश. थर टिकण्यासाठी पोलाद आलटून पालटून ओले व्हावे आणि पूर्ण वाळावे लागते. त्यामुळे पोलाद तेच असले, तरी स्थळानुसार परिणाम बदलतो. कोल्हापूर जिल्ह्याच्या हवामानावरून हा फरक चांगला समजतो.

थराची निर्मिती

साध्या पोलादावरील गंज सच्छिद्र असतो. त्याचे पोपडे सुटतात आणि खालचा धातू पुन्हा उघडा पडतो. आरंभी हवामानरोधी पोलादही तसेच गंजते. त्यावर नारिंगी, हाताला लागणारा गंज येतो; त्यात लेपिडोक्रोसाइट हे खनिज मुख्य असते. पृष्ठभागावर पाण्याचा पातळ पापुद्रा असताना लोह विरघळते आणि वाळताना हवेतील प्राणवायूमुळे त्याची ऑक्सिहायड्रॉक्साइडे बनतात. अशी अनेक आवर्तने झाली की लेपिडोक्रोसाइटचे हळूहळू अधिक स्थिर अशा गोएथाइटमध्ये रूपांतर होते. क्रोमियममुळे गोएथाइटचे कण सूक्ष्म राहतात; तांबे व स्फुरद धातूलगतचा आतील थर दाट होण्यास मदत करतात. मग पाणी, प्राणवायू आणि क्षारांचे आयन धातूपर्यंत सहज पोहोचत नाहीत. थर स्थिरावण्यास साधारणतः २ ते ५ वर्षे लागतात व रंग गडद तपकिरी होतो.

दिल्लीच्या लोहस्तंभावरील संरक्षक थराचे श्रेयही त्यातील स्फुरदाला दिले जाते. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी त्या थराचा अभ्यास केला होता. स्तंभ मात्र घडीव लोखंडाचा आहे.

कोल्हापूरचे हवामान

कोल्हापूर शहरात वर्षाला सरासरी सुमारे १,००० मिमी पाऊस पडतो, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये. उरलेले बहुतेक महिने कोरडे जातात. अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे १०० किमी दूर असून मध्ये सह्याद्री आहे, त्यामुळे हवेत मिठाचे प्रमाण कमी असते. ही परिस्थिती थराला तत्त्वतः अनुकूल आहे. शहरापासून सुमारे ५५ किमीवरील गगनबावड्यात मात्र ५,००० मिमीहून अधिक पाऊस होतो. घाटमाथ्यावर धुके व संततधार यांमुळे पृष्ठभाग दिवसचे दिवस वाळत नाही आणि सतत ओल्या पोलादावर संरक्षक थर नीट बनत नाही. घाट उतरून कोकण किनाऱ्याला गेल्यास अडचण निराळी असते : खाऱ्या वाऱ्यातील क्लोराइडमुळे अकागानाइट हे खनिज तयार होते आणि गंज पापुद्र्यांनी सुटतो.

अनुकूल हवामानातही पाणी साचणारे सांधे, पालापाचोळा अडकणाऱ्या खाचा आणि मातीत गाडलेले भाग धोक्याचे असतात. पंचगंगेला २०१९ व २०२१ साली आले तसे पूर ओसरल्यावर मागे राहणारा गाळ ओल धरून ठेवतो. तो धुऊन काढणे आवश्यक असते.

रेल्वेतील वापर

अमेरिकेतील यू. एस. स्टील कंपनीने १९३३ मध्ये हे पोलाद बाजारात आणले. कोळशाच्या मालडब्यांसाठी ते प्रथम वापरले गेले. भारतातही रेल्वे हीच त्याची मोठी ग्राहक ठरली. बॉक्सएन मालडबे आणि चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या आराखड्याचे प्रवासी डबे यांच्या सांगाड्यात ते वापरले गेले. कोल्हापूरहून सुटणाऱ्या गाड्यांतही अनेक दशके असेच डबे होते. शौचालयांलगत, फरशीखाली जिथे ओल कधी हटत नसे, तिथे हे डबे गंजत आणि दुरुस्तीत तेवढे पत्रे कापून बदलावे लागत. नंतरच्या एलएचबी डब्यांचा सांगाडा स्टेनलेस स्टीलचा आहे.

ओतीव लोखंडाशी गल्लत

शिरोली, गोकुळ शिरगाव येथील फाउंड्रींच्या आवारात तपकिरी झालेले सुटे भाग दिसतात. ते बहुधा ओतीव लोखंडाचे, म्हणजे बिडाचे असतात. त्यांच्यावरील गंजाला संरक्षक थर समजता येत नाही. तेल किंवा रंग लावूनच त्यांचे रक्षण होते. बाजारातील साध्या पत्र्यावर मुद्दाम गंज आणून तो ‘कॉर्टेन’ म्हणून वापरल्यास पत्रा पातळ होतच राहतो. नुसत्या रंगावरून दोन्ही ओळखणे कठीण असल्याने खरेदीच्या वेळी रासायनिक घटकांचे प्रमाणपत्र तपासले जाते. भारतात अशा पोलादासाठी आयएस ११५८७ हे मानक आहे. जोडकामासाठी त्याच जातीचे वेल्डिंग रॉड वापरावे लागतात, अन्यथा सांधा आधी गंजतो. पहिल्या काही पावसाळ्यांत ओघळणाऱ्या तांबूस पाण्याचे डाग खालच्या दगडावर किंवा काँक्रीटवर पडतात, म्हणून पाणी बाजूला नेणारी पन्हळ ठेवली जाते.