मुलांच्या प्रश्नांना उत्तर द्या : सुभेदार रामजींचा धडा

पालक आणि मुलांमधला संवाद उपदेशाने वाढत नाही. मुलाच्या प्रश्नाला उत्तर दिल्याने वाढतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’साठी १९५६ मध्ये लिहिलेल्या, पण ग्रंथासोबत न छापल्या गेलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपल्या घरातला असा प्रसंग सांगितला आहे.

रामायण-महाभारतात शूद्र-अस्पृश्यांची अवहेलना आहे, मग ते आम्ही का वाचायचे, असे त्यांनी वडिलांना विचारले. कडक शिस्तीच्या सुभेदार रामजींनी आधी त्यांना गप्प केले. काही काळाने पुन्हा विचारल्यावर मात्र ते तयारीनिशी बोलले : तुमच्यात न्यूनगंड येऊ नये म्हणून, द्रोण, कर्ण, वाल्मीकी लहान स्थितीतूनच मोठे झाले. बाबासाहेबांना त्यात तथ्य वाटले, पण समाधान झाले नाही. प्रश्न विचारणे त्यांनी पुढेही सोडले नाही.

अंगुत्तर निकायात सुभाषित वाणीची पाच लक्षणे आहेत : योग्य वेळी, सत्य, सौम्य, हितकारक आणि मैत्रीचित्ताने बोललेली.

भाटघर-भोरकडच्या पालकांनी, मुले घरी असोत वा शिकायला बाहेर, एवढे करावे :

- प्रश्न टाळला गेला असेल, तर आपणहून पुन्हा काढावा.
- हुकूम देताना कारण सांगावे.
- मुलाला पटले नाही, तर रागावू नये.