चाकाचा मोठेपणा

घरात मोटार येऊन तिचे कौतुक ओसरले, आणि पहिले टायर झिजून बदलावयाची वेळ आली, म्हणजे पुष्कळ कुटुंबांत एक वाद उपस्थित होतो. नवे टायर घालावयाचेच आहेत, तर त्यांबरोबर चाकेही मोठी का घेऊ नयेत? १५ इंची चाकांच्या जागी १६ किंवा १७ इंची घातली, आणि साध्या पोलादी चाकांऐवजी बाजारात ज्यांस 'अलॉय' म्हणतात ती मिश्रधातूची चकचकीत चाके बसविली, तर गाडीस निराळाच रुबाब येतो, असे घरातील तरुण मंडळींचे म्हणणे असते. वडील मंडळी खर्चाचा आकडा पाहून कपाळास आठ्या घालतात. दुकानदार अर्थातच तरुणांच्या पक्षास मिळतो. या वादात उभय पक्षांच्या ध्यानी बहुधा न येणारी एक गोष्ट आम्हांस वाचकांपुढे ठेवावयाची आहे. ती म्हणजे चाकाच्या आकाराचा इतिहास. चाक मोठे का होते, ते लहान का झाले, आणि ते पुनः मोठे का होऊ लागले, हे एकदा कळले म्हणजे हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही.

मोठ्या चाकाचा उपयोग समजून घेण्यास आपल्या बैलगाडीइतके चांगले उदाहरण नाही. नाभी, अर आणि नेमी हे चाकाचे अवयव वैदिक वाङ्मयातही आढळतात. आपल्याकडील सुतार त्यांस तुंबा, आरे आणि पुठे म्हणतो, आणि पुठ्यांवर जी लोखंडी पट्टी चढवितात ती धाव. ही धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान घडवितात, गोवऱ्यांच्या आगटीत लाल करून चाकावर बसवितात, आणि वर पाणी ओततात. लोखंड आकसते व सर्व सांधे आवळले जातात. असे चाक मोठे कणखर होते. परंतु त्यात लवचिकपणाचा लेशही नसतो. वाटेतील प्रत्येक दगडाचा धक्का ते जसाच्या तसा आखाकडे पोहोचविते. या धक्क्यावर सुतारापाशी एकच उपाय होता, तो म्हणजे चाक उंच करणे. त्यामागील गणित सोपे आहे. ३० सेंटिमीटर रुंदीच्या खड्ड्यावरून दीड मीटर व्यासाचे चाक गेले, तर ते सुमारे १५ मिलिमीटर खाली उतरते. त्याच खड्ड्यावरून ६२ सेंटिमीटर व्यासाचे चाक गेले, तर ते सुमारे ३९ मिलिमीटर उतरते. उंच चाकास लहान खड्डा जाणवतच नाही. मात्र येथे मोठेपणा म्हणजे चाकाचा बाहेरचा घेर, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढील सर्व विवेचन या एका भेदावर अवलंबून आहे.

युरोपातही मोठ्या चाकाची थोरवी एकोणिसाव्या शतकात शिगेस पोहोचली होती. १८७० नंतरच्या दशकातील उंच सायकलींची चित्रे पुष्कळांनी पाहिली असतील. पुढचे चाक सुमारे पाच फुटांचे आणि मागचे त्यामानाने अगदी चिमुकले. हा आकार कोणाच्या लहरीने ठरला नव्हता. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसास जोडलेले असल्यामुळे पायाच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होई. म्हणून चाक जितके मोठे तितके अंतर अधिक काटले जाई. शिवाय बैलगाडीप्रमाणेच धक्केही कमी बसत. गैरसोय एवढीच की, चाकास अडथळा झाला म्हणजे स्वार डोक्यावर आपटे. १८८५ साली इंग्लंडमधील जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' नावाची सायकल पुढे आणली. तीत साखळी मागच्या चाकास गती देत होती. साखळीने वेगासाठी मोठ्या चाकाची गरज नाहीशी केली. परंतु चाके लहान होताच भरीव रबराच्या धावेवरून येणारे हादरे वाढले. मोठ्या चाकाचे एक काम साखळीने उचलले, दुसरे उचलणारे कोणीतरी हवे होते. ते काम हवेने उचलले.

ही कल्पना त्या वेळी सर्वस्वी नवी नव्हती. रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ सालीच हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले होते, आणि १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोड्याच्या गाडीस अशी चाके लावून त्याने ती चालवूनही दाखविली. आत रबराने लेपलेल्या कापडाची नळी आणि वर चामड्याचे वेष्टण, अशी त्याची रचना होती. पण त्या काळी सायकल नव्हती, मोटार नव्हती, आणि रबर महाग होते. शोध लागला, पण त्याची गरज भासणारा समाज अद्याप जन्मास यावयाचा होता. म्हणून तो विस्मृतीत गेला. पुढे बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीस हवेची नळी बसविली आणि १८८८ साली तिचे पेटंट घेतले. टॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्यावर डनलप यांचा हक्क टिकला नाही. नाव मात्र टिकले. १८८९ च्या मे महिन्यात बेलफास्टच्या शर्यतींत विली ह्यूम हा स्वार हवेच्या टायरांवर जिंकला, आणि या फुगीर चाकांस हसणाऱ्यांची तोंडे बंद झाली.

मोटारीस हे टायर लावण्याचे धाडस फ्रान्समधील मिशेलिन बंधूंनी केले. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत त्यांची गाडी हवेच्या टायरांवर धावली. टायर वाटेत वारंवार फुटले व बक्षीस मिळाले नाही. परंतु मोटार हवेवर चालू शकते ही गोष्ट सिद्ध झाली. तथापि आरंभीच्या मोटारींची चाके दिसावयास घोडागाडीचीच होती. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'चे मागचे टायर ३० इंच व्यासाचे आणि अवघे साडेतीन इंच जाडीचे असत. म्हणजे आतील रिम २३ इंचांची. टायर अरुंद असल्यामुळे त्यांत हवा अतिशय दाबून भरावी लागे, आणि अशी दाबलेली हवा जवळजवळ भरीव रबराप्रमाणेच ताठ होते. १९२३ च्या सुमारास अमेरिकेतील फायरस्टोन कंपनीने जाड व कमी दाबाचे 'बलून' टायर बाजारात आणले, आणि तेथून चाकाच्या इतिहासास निराळे वळण लागले.

हे वळण पाहण्यास फोर्डच्याच पुढील गाड्या घ्याव्या. १९२८ च्या 'मॉडेल ए'ची रिम २१ इंची होती. १९३० साली ती १९ इंची झाली, १९३२ साली १८, १९३३ साली १७ आणि १९३५ साली १६. सात वर्षांत पाच इंच धातू कमी झाला आणि त्याभोवतीचा टायर अधिकाधिक जाड होत गेला. दुसऱ्या महायुद्धात रानावनांतून धावलेल्या जीपचे उदाहरण तर फारच बोलके आहे. तिच्या रिमचा व्यास १६ इंच, पण टायरचा बाहेरचा व्यास सुमारे २८ इंच. म्हणजे रिम आणि जमीन यांच्यामध्ये सुमारे सहा इंच टायर. ज्यांस अतिशय वाईट रस्त्यांवरून जावयाचे होते, त्यांनी बाहेरचा घेर मोठा ठेवला, पण तो धातूने भरला नाही, हवेने भरला. आपल्याकडे १९५८ ते २०१४ पर्यंत निघालेली ॲम्बॅसिडर हिची चाकेही १५ इंची व टायर गुबगुबीत असत. मागच्या बैठकीवर निजून प्रवास केलेली पिढी त्या सुखाची साक्ष देईल. लहान गाडीत बसणाऱ्यांस जागा अधिक मिळावी म्हणून ॲलेक इसिगॉनिस यांनी १९५९ च्या 'मिनी'स १० इंची चाके दिली. आणि १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० लक्षावधी भारतीय कुटुंबांस १२ इंची चाकांवरून फिरवून आली.

मग रिम पुनः मोठी का झाली? त्यास सबळ कारण होते, हे आरंभीच सांगितले पाहिजे. वेगाने वळण घेताना टायरची उंच भिंत बाजूस कलते आणि गाडी सुकाणूस सावकाश उत्तर देते. मिशेलिनने १९४६ साली पेटंट घेतलेल्या 'रेडियल' रचनेमुळे टायर अधिक मजबूत झाले, आणि पुढे त्यांची भिंत आखूड करणे शक्य झाले. १९७० नंतरच्या दशकात पिरेली कंपनीचा 'पी-७' हा बुटका व रुंद टायर पोर्शे ९११ टर्बोसारख्या अतिवेगवान गाड्यांस बसू लागला. भिंत आखूड झाली की आत मोठी रिम मावते, आणि मोठ्या रिममध्ये मोठे ब्रेक मावतात; ताशी दोनशे किलोमीटरांहून अधिक वेगाने धावणाऱ्या गाडीस त्यांची गरज असतेच. परंतु जे शर्यतीच्या गाडीस आवश्यक, ते लवकरच घरच्या गाडीस भूषण वाटू लागले. १९७६ ची फोक्सवॅगन गॉल्फ जीटीआय १३ इंची चाकांवर धावत होती. तिच्या आजच्या वंशजेस १७ ते १९ इंची चाके मिळतात. रथी-महारथींचा पोशाख सर्वसामान्यांनी उचलावा, ही मनुष्यस्वभावाची जुनी रीत येथेही दिसते.

आता घरातील वादाकडे वळू. टायरवर १८५/६५ आर १५ असे लिहिलेले असते. यातील १८५ ही टायरची मिलिमीटरांतील रुंदी. ६५ म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा ६५ इतकी भिंतीची उंची. आर म्हणजे रेडियल. आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. हिशेब केला तर भिंत सुमारे १२० मिलिमीटर आणि संपूर्ण चाकाचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर येतो. आता १६ इंची रिमवर १९५/५५ चा टायर घातला, तर भिंत १०७ मिलिमीटर होते व संपूर्ण व्यास जवळजवळ तोच, ६२१ राहतो. १७ इंची रिमवर २०५/४५ चा टायर घातला, तर भिंत अवघी ९२ मिलिमीटर उरते आणि संपूर्ण व्यास सुमारे ६१६ होतो. दुकानात ज्यास आपण मोठे चाक म्हणतो, ते बाहेरून मोठे नसते. त्यात धातू वाढलेला असतो आणि हवेची उंची घटलेली असते. बैलगाडीच्या उंच चाकाचा खड्डा ओलांडण्याचा गुण त्यात यत्किंचितही अधिक नाही, आणि बलून टायरचा मऊपणा मात्र दोन पायऱ्यांत जवळजवळ चौथा हिस्सा गमावलेला आहे.

याचे परिणाम आपल्या रस्त्यांवर लवकर दिसतात. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्याची कड चाकावर आदळली, म्हणजे आखूड भिंत रिम आणि कड यांच्यामध्ये चेंगरते; टायरच्या आतील धागे तुटून बाजूस फुगा येतो, किंवा रिमच वाकते. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर तरंगण्याचाही संभव अधिक असतो. मोठी रिम जड असली, तर कमानींच्या खालचे वजन वाढते, चाक रस्त्याशी नीट चिकटून राहत नाही आणि पेट्रोलही अधिक जळते. हे सर्व टाळण्यासाठी कोणी बाहेरचाच घेर वाढविला, तर वेगाचा काटा खोटे सांगू लागतो: घेर शेकडा ५ ने वाढला, तर काट्यावर ८० दिसत असता गाडी ८४ ने जात असते, आणि पूर्ण वळणात टायर आतील पत्र्यास घासण्याचे भय असते ते निराळेच.

म्हणून मोठे चाक घेऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. कारखानदाराने त्याच गाडीच्या वरच्या प्रकारास जो आकार दिलेला असेल, तो बहुधा निर्धोकपणे घेता येतो; कारण त्या आकारास अनुरूप कमानी व सुकाणू यांचा विचार त्याने केलेला असतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टी व गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका आधी वाचावी. टायरवर लिहिलेला भाराचा अंक मूळच्यापेक्षा कमी नसावा. आणि जादा चाक नव्या मापाशी जुळते की नाही हे पाहावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील ५२ वे कलम नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई करते, याचाही विसर पडू नये.

या निवडीत एक अन्याय मात्र सहज घडतो. चाके निवडतो तो पुढे बसून गाडी हाकणारा. त्यास वळणावरील चपळाई आणि लोकांची नजर, दोन्ही लाभतात. खड्ड्याचा धक्का सोसतात ती मागच्या बैठकीवरील माणसे, म्हणजे बहुधा पाठीच्या दुखण्याने बेजार झालेली आजी आणि झोपी गेलेले मूल. त्यांचे मत दुकानात कोणी विचारीत नाही. टॉमसनपासून बलून टायरपर्यंतची सारी खटपट अशाच माणसांसाठी झाली होती. ज्या रकमेत मोठी चाके येतात, तिच्या थोड्याशा भागात मूळच्याच मापाचे उत्तम टायर येतात. ते घ्यावे, आणि दर महिन्यास त्यांतील हवा तपासावी. मोठी चाके घेतलीच, तर निदान पहिल्या फेरीस आजीस बरोबर घेऊन घराजवळच्या सर्वांत वाईट रस्त्याने जावे, आणि मग तिचे मत विचारावे.