आडापासून नळापर्यंत : आपल्या नव्या नाशिकची हकीकत

नाशिक म्हटले की बाहेरगावच्या माणसाला रामकुंड, काळाराम आणि दर बारा वर्षांनी भरणारा सिंहस्थ आठवतो. त्यात खोटे काही नाही. पण भगिनींनो, आपण ज्या सिडकोत राहतो, ज्या ओट्यांवर बसून भाजी निवडतो, त्या वसाहतीला ना पुराण आहे ना पोथी. म्हणून या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत तिचीच हकीकत लिहावी असे मनात आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पंडिती इतिहास मला साधणार नाही. थोडे वाचलेले व पुष्कळसे सासूबाईंच्या तोंडून ऐकलेले असे हे आहे.

नाशिकची नगरपालिका १८६४ सालची. पालिका जुनी, पण वस्ती गोदेच्या काठाला धरूनच राहिली. आगगाडी आली ती गावापासून तीन कोसांवर, म्हणून मध्यंतरी काही वर्षे स्टेशनपासून गावापर्यंत घोड्यांची ट्रामसुद्धा चालत होती. पुढे १९२५ साली नाशिकरोडला सरकारी छापखाना निघाला. तोवर विलायतेत छापली जाणारी टपालाची तिकिटे तेथे छापू लागली. त्यामुळे वस्ती वाढली ती तिकडे. गावातली माणसे मात्र वाड्यांतच दाटीने राहात होती.

सासूबाई १९६८ साली लग्न होऊन आल्या त्या तिवंधा चौकाजवळच्या एका वाड्यात. वाड्यात आठ बिऱ्हाडे, चौकात एक आड, एक नळ, आणि मागच्या अंगाला दोन संडास. बायकांनी पहाटे चारला उठायचे ते देवासाठी नव्हे, नंबर लावण्यासाठी. अंधार असेतो उरकले तर ठीक, नाहीतर रात्रीपर्यंत कळ काढायची. पोटुशी बाईचे काय हाल होत असतील ते पुरुषांनी लिहिलेल्या इतिहासात कोठे सापडावयाचे नाही. आणि ते संडास टोपलीचे. ज्या भगिनींच्या माथी ती टोपली होती त्यांच्यापुढे आपले हाल ते काय, असे सासूबाई अजूनही म्हणतात. वाड्याला आपण फार गोड रंग देतो. नाटकासिनेमांत तुळशीवृंदावन दाखवतात, मागचे अंगण दाखवीत नाहीत!

दुसऱ्याच वर्षी, १९६९ च्या सप्टेंबरात, गोदेला महापूर आला. सराफ बाजारात पाणी शिरले, काठच्या गल्ल्यांतील संसार भिजले. उंचावर घर हवे असे त्यानंतर पुष्कळांच्या मनाने घेतले. पण घर होते कोठे?

इकडे गाव तर झपाट्याने वाढत होते. १९६२ साली महाराष्ट्रात औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि सातपूरला कारखाने उभे राहू लागले. १९६४ साली ओझरला विमानाचा कारखाना आला. गंगापूरचे मातीचे धरण १९६५ साली पुरे झाले, त्यामुळे पाण्याचीही सोय झाली. मग खानदेशातून, सिन्नर-येवल्याकडून, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून तरणी माणसे कामाला आली. मायको कंपनीचे नाव २००८ साली बदलले, तरी आपल्या तोंडी ‘मायको सर्कल’ आहेच. त्या काळाची खूण म्हणायची ती. पण पगार झाला तरी डोके टेकायला खोली मिळेना. एका खोलीत चारचार कामगार पाळीपाळीने झोपत. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा आडवा.

सिडको हे महामंडळ निघाले १९७० साली, ते खरे नव्या मुंबईसाठी. त्याच दशकात त्याच्याकडे नाशिकचेही काम आले. मुंबई-आग्रा रस्ता आणि अंबडच्या बाजूचे कारखाने यांच्यामधली जागा ठरली. ही जागा काही ओसाड नव्हती. मोरवाडी, कामटवाडे, उंटवाडी, अंबड या गावांची ती शेती. ज्यांच्या बांधावर आपली घरे उभी आहेत त्या घराण्यांतील लेकीसुना आज आपल्याच हळदीकुंकवाला येतात. त्यांच्या घरी शेताची गोष्ट निघाली की बोलणे थोडे थांबते. हेही आपल्या इतिहासात लिहून ठेवले पाहिजे.

एकामागून एक सहा योजना झाल्या आणि सुमारे २५ हजार घरे बांधली गेली. एन-३२, एन-४१, एन-४२ ही नावे परक्याला औषधाच्या बाटलीवरची वाटतील, पण आपला पत्ता तोच. बहुतेक घरे बैठी, लहान, हप्त्याने फेडावयाची. आमच्या घरची पहिली रक्कम सासूबाईंच्या पाटल्या विकून भरली. त्या पाटल्या पुन्हा झाल्या नाहीत, आणि त्याचे त्यांना दुःखही नाही. घरात नळ, घरात मोरी, घरात संडास, आणि आतून लावायची कडी! पहिले आठ दिवस त्या मुद्दाम उजाडल्यावर उठत, असे मामंजी चेष्टेने सांगत. बाकी सुख बेताचेच होते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल इतका की चप्पल हातात घेऊन चालावे लागे. रात्री नासर्डीकडून येताना पुरुषमाणसेही सोबत बघत. दळण, डॉक्टर, बाजार, सगळे दूर. मग एकीने चौघींचे दळण आणावे, दुसरीने चौघींची मुले सांभाळावी असे सुरू झाले. आपल्या मंडळाचे मूळ त्यातच आहे.

७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर या नगरपालिका आणि भोवतालची खेडी मिळून महानगरपालिका झाली. पुढे सिडकोच्या योजनाही टप्प्याटप्प्याने तिच्याकडे गेल्या. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार भरली.

आता अडचण कोठे आली ते सांगते. ज्यांनी घरांचे नकाशे काढले त्यांनी मुले मोठी होतील, त्यांची लग्ने होतील हे धरलेच नव्हते असे मला वाटते. सून आली की वर एक खोली, धाकट्याचे ठरले की तिच्यावर आणखी एक. एका बिऱ्हाडासाठी घातलेली नळी आता तीन बिऱ्हाडांना पाणी देते. धरणाचे पाणी उपसून, शुद्ध करून जलकुंभात चढते आणि तेथून उताराने आपल्याकडे येते. तेव्हा ओळीच्या टोकाला जोर कमी पडणारच. त्यात कोणी मोटार लावली की शेजारणीचा नळ कोरडा, आणि मग जी भांडणे होतात ती मी येथे लिहीत नाही! गंगापूरच्या जोडीला दारणेचे व मुकणेचे पाणी शहराला आणले गेले, पण गल्लीतली नळी तेवढीच राहिली.

जिने, गॅलऱ्या पुढे आल्या, गल्ल्या अरुंद झाल्या. २०१८ साली वाढीव बांधकामे पाडण्याचा विषय निघाला तेव्हा घरोघरी झोप उडाली होती. कायद्याने पाहिले तर बांधकाम जास्त. संसाराने पाहिले तर खोली कमी. आग लागली तर बंब आत कसा येणार, ही शंका मात्र खरी आहे, आणि ती आपणच बोलली पाहिजे.

आमच्या ओळीत मूळचे बैठे घर आता एकच उरले आहे. बाहेरची मोरी, लोखंडी फाटक, दारातला कढीपत्ता, सगळे पहिल्यासारखे. दिवाळीनंतर तेही पाडून तिमजली बांधणार आहेत. घरच्या बाईंना विचारले आहे. नव्या सुनांना व मुलींना दाखवावयाचे असेल तर दुपारी चारनंतर या, चहा त्यांच्याकडे आहे.