जुनेच पाणी चांगले: थर्मल स्टोअर रिकामे करण्याचे आणि भरण्याचे शास्त्र

पुण्या-नाशकातल्या गच्चीवरच्या सोलर हीटरमध्ये जे पाणी तापते, तेच बादलीत येते. ब्रिटनमधल्या काही घरांत दिसणाऱ्या थर्मल स्टोअरची तऱ्हा वेगळी आहे. या टाकीतले पाणी नळाला कधीच येत नाही. त्याचे काम उष्णता धरून ठेवण्याचे. बॉयलर, लाकडाची शेगडी, सौर पॅनेल किंवा विजेचा इमर्शन हीटर, यांपैकी जे असेल त्याने ते तापवायचे. तेच पाणी पंपाने रेडिएटरमधून फिरते, आणि नळाचे ताजे पाणी टाकीतल्या तांब्याच्या वेटोळ्यातून जाता जाता तापून बाहेर पडते. माळ्यावर एक छोटी टाकी असते. तिच्यातून हे सगळे पाणी भरले जाते आणि तिथेच त्याला फुगायला जागा मिळते. या उघड्या, म्हणजे दाबाखाली नसलेल्या प्रकाराचाच विचार येथे केला आहे.

आपल्याकडे शिळ्या पाण्याला मान नाही. या यंत्रणेत मात्र तेच हवे असते. १० अंश सेल्सियसच्या ताज्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. २१० लिटरची टाकी, शिवाय रेडिएटर व नळ्या मिळून ३०० लिटर धरले, तर एका भरणीबरोबर साधारण ३.४ ग्रॅम ऑक्सिजन आत जातो. तो रेडिएटरच्या पोलादाला लागतो आणि त्याचा मॅग्नेटाइट नावाचा काळा गाळ होतो. रासायनिक हिशेब केला तर एवढा ऑक्सिजन सुमारे ९ ग्रॅम लोखंड खातो. एकदा खाऊन संपला की पाणी निरुपद्रवी होते. म्हणजे एका भरणीने घर बुडत नाही. दरवर्षी ‘स्वच्छतेसाठी’ पाणी बदलणारा माणूस मात्र रेडिएटर हळूहळू पोखरत असतो. त्याहून वाईट म्हणजे पंप चालू असताना यंत्रणेतून माळ्यापर्यंत गेलेल्या उघड्या तोंडाच्या नळीतून छोट्या टाकीत पाणी ओतले जाणे. ते पाणी हवा घेऊन परत खाली जाते आणि गंजाला दिवसभर खुराक मिळतो. असे दिसले तर पाणी नव्हे, नळ्यांची जोडणी बदलावी.

म्हणून पहिला प्रश्न ‘कसे काढावे’ हा नसून ‘काढायलाच हवे का’ हा आहे. एक रेडिएटर बदलायचा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून तेवढाच रिकामा करता येतो. टाकीच्या मुखाशी बंद करायचे व्हॉल्व्ह असतील तर टाकी भरलेली ठेवून उरलेली यंत्रणा उपसता येते. ही बचत लहान नाही: २१० लिटर पाणी १० वरून ७५ अंशांवर न्यायला सुमारे १६ युनिट ऊर्जा लागते. ३ किलोवॅटच्या इमर्शनला त्यासाठी पाच तासांहून जास्त वेळ द्यावा लागतो.

सगळे काढणे भागच असेल तर आधी उष्णतेचा बंदोबस्त. ६० अंशांचे पाणी पाचेक सेकंदांत खोलवर भाजते, आणि टाकीत त्याहून तापलेले पाणी शेकडो लिटर असते. बॉयलर आणि इमर्शन आदल्या रात्री बंद करावेत, शेगडी पूर्ण विझवून गार होऊ द्यावी, आणि सकाळी घरातल्या सगळ्यांनी आंघोळी उरकून घ्याव्यात. वेटोळ्यातून थंड पाणी वाहत राहिले की तेच टाकीतली उष्णता ओढून नेते. इमर्शनची वीज मेनपासूनच तोडावी. कोरडा पडलेला हीटर चुकून चालू झाला तर जळतो.

मग माळ्यावरचा बॉलकॉक दांडीला सुतळीने बांधून वर अडकवायचा, म्हणजे नवे पाणी येत नाही. मोटरचे व्हॉल्व्ह हाताने उघडे ठेवायचे, थर्मोस्टॅटचे व्हॉल्व्ह पूर्ण फिरवायचे. सर्वांत खालच्या ड्रेन कॉकला होज क्लिपने आवळून तिचे टोक बाहेरच्या गटारात, कॉकपेक्षा खाली सोडायचे. जुन्या कॉकचा रबरी वायसर बैठकीला चिकटलेला असतो. चौकोनी शेंडा पूर्ण सैल केला तरी थेंब येत नाही; वाट पाहत आणखी फिरवला तर शेंडाच हातात येतो आणि गालिचावर काळे पाणी. तेव्हा खाली परात आणि जुने टॉवेल आधीच ठेवावेत. पाणी वाहू लागले की हवा सोडायचे स्क्रू वरच्या मजल्यापासून खाली एकेक उघडत यावे. पंप चालवायचा नाही.

इथे एक धोका सहसा ध्यानात येत नाही. तांब्याची पातळ टाकी आतला दाब बऱ्यापैकी सोसते. बाहेरचा दाब तिला सोसत नाही. उघडी नळी गाळाने बुजली असेल आणि खाली ५ मीटरवर होज सुटली असेल, तर आत जवळजवळ अर्ध्या वातावरणाइतकी पोकळी तयार होऊ शकते. म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ५ टनांचा भार. टाकी चेपून निकामी होते. पाणी उतरताना माळ्यावर जाऊन नळी हवा ओढते आहे ना, हे पाहावे.

भरणे हे खरे कसबाचे काम. स्क्रू आणि कॉक बंद करून बॉलकॉक सोडला की पाणी खालून वर चढते. हवा खालच्या मजल्यापासून वरच्या मजल्याकडे काढत जायची, म्हणजे रिकामे करतानाच्या नेमक्या उलट. छोट्या टाकीत पाणी आहे पण खाली उतरतच नाही, असे झाले तर बहुधा भरणीची नळी जिथे परतीच्या नळीला मिळते तिथेच गाळ साचलेला असतो. तेवढा तुकडा कापून नवा घालणे हाच उपाय. दारावरून कमानीसारख्या गेलेल्या नळ्या हवा धरतात. माळ्यावरच्या टाकीचा दाब वरच्या मजल्यावर जेमतेम एक-दोन मीटर पाण्याइतका. तो ही हवा ढकलू शकत नाही. तेव्हा एक सोडून बाकीचे रेडिएटर बंद करावेत आणि पंपाचा जोर एकाच वाटेने जाऊ द्यावा. काही जण मेनच्या नळाची होज ड्रेन कॉकला जोडून उलटे पाणी मारतात. युक्ती चालते, पण इंग्लंड व वेल्सच्या १९९९ च्या पाणी-जोडणी नियमांना धरून मध्ये दुहेरी चेक व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर गाळाचे पाणी पिण्याच्या नळीत शिरू शकते. आणि थर्मल स्टोअरकडचे व्हॉल्व्ह बंद करता येत नसतील तर हा प्रयोग करूच नये. मेनचा दाब त्या टाकीसाठी नाही.

थंड असताना छोटी टाकी गळ्यापर्यंत भरू नये. १० वरून ८० अंशांवर पाणी सुमारे ३ टक्के फुगते. ३०० लिटरचे जवळपास ९ लिटर. ६० बाय ३० सेंटिमीटरच्या टाकीत पातळी ५ सेंटिमीटर चढते. पाणी तापताना विरघळलेली हवाही सुटते, चार-पाच लिटर तरी, म्हणून पहिल्या दिवशी हवा काढून काम संपत नाही. आठवडाभर अधूनमधून स्क्रू उघडावा लागतो. महिन्यांनंतरही वायू साठत राहिला तर तो गंजातून निघणारा हायड्रोजन असू शकतो. त्याच्याजवळ काडी ओढून पाहण्याचा हौशी प्रयोग टाळावा.

गंजरोधक औषधाच्या मापात सर्वाधिक चूक होते. बाजारातली बाटली साधारण १०० लिटरच्या, म्हणजे नुसत्या रेडिएटरच्या घरासाठी मापलेली असते. थर्मल स्टोअरच्या घरात तिप्पट लागते. एका बाटलीत भागवणे म्हणजे न घातल्यासारखेच. बीएस ७५९३ या ब्रिटिश मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीत औषधाची वार्षिक तपासणी आणि नळीवर गाळणी अपेक्षित आहे. कठीण पाण्याची चिंता मात्र टाकीपुरती करू नये, कारण तिथे क्षार एकदाच बसतात. वेटोळ्यात रोज नवे पाणी येते, म्हणून तिथे ते रोज साठतात.

लंडन किंवा स्लाऊकडच्या आपल्या मंडळींनी जुने घर घेतले असेल आणि टाकी रिकामी करण्याचा प्रसंग आलाच, तर त्याच दिवशी टाकीच्या येणाऱ्या-जाणाऱ्या रेडिएटर-नळ्यांवर पूर्ण तोंडाचे लिव्हर व्हॉल्व्ह बसवून घ्यावेत. छोट्या टाकीच्या भरणीच्या नळीवर आणि उघड्या नळीवर मात्र कधीही बसवू नयेत. औषधाचे नाव, मात्रा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी टाकीला बांधून ठेवावी. पुढच्या प्लंबरला तिचाच उपयोग होतो.