दूरछायाचित्रण भिंग व वनछायाचित्रण

दूरच्या वस्तूची मोठी प्रतिमा मिळविण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या दीर्घ केंद्रांतराच्या भिंगसंहतीस दूरछायाचित्रण भिंग अथवा टेलिफोटो भिंग म्हणतात. वन्य प्राणी माणसास सहसा जवळ येऊ देत नाहीत. त्यामुळे वनछायाचित्रणाचा इतिहास बऱ्याच अंशी या भिंगाशी निगडित आहे. सह्याद्रीच्या दाट अरण्यात मात्र अंतरापेक्षा अपुरा प्रकाश व आड येणाऱ्या फांद्या या अडचणी अधिक मोठ्या असतात. त्यांवर मात करण्यासाठी वजनदार भिंगे वापरात आली आणि त्यांच्या मर्यादांचा ठसा या अरण्यांच्या छायाचित्रांवरही उमटला.

इतिहास : इंग्लंडमध्ये टॉमस डालमायर आणि जर्मनीत आडोल्फ श्टाइनहाइल व आडोल्फ मीटे यांनी १८९१ च्या सुमारास स्वतंत्रपणे अशी भिंगे तयार केली. किरण एकत्र आणणाऱ्या भिंगगटामागे किरण फाकविणारा गट बसविल्याने नळीची लांबी केंद्रांतरापेक्षा कमी ठेवता येते, हे त्यांमागील तत्त्व होय. ही आरंभीची भिंगे मंद होती. म्हणजे त्यांतून थोडाच प्रकाश आत येई आणि हालत्या प्राण्याचे स्पष्ट चित्र मिळणे कठीण जाई. म्हणून काहींनी निराळे मार्ग शोधले. रिचर्ड व चेरी कीर्टन या इंग्लिश बंधूंनी आडोशात दडून पक्ष्यांची छायाचित्रे घेतली. भारतीय वनखात्यातील एफ्. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाटेवर तार ताणून ठेवली व तिला धक्का देणाऱ्या वाघाचे छायाचित्र आपोआप निघेल अशी योजना केली. त्यांचा ग्रंथ १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला.

खुद्द भिंगातूनच दृश्य पाहून केंद्रीकरण करण्याची सोय ३५ मिमी. फिल्मच्या कॅमेऱ्यात १९३६ मध्ये एक्झॅक्टा या एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्याने आली. निकॉन एफ (१९५९) सारख्या कॅमेऱ्यांनी ही पद्धत सर्वत्र रूढ केली. मद्रासचे निसर्गलेखक एम्. कृष्णन् (१९१२–९६) यांनी निरनिराळे भाग जुळवून बनविलेल्या आपल्या अवजड कॅमेऱ्यास ‘सुपर पाँडेरोसा’ असे विनोदी नाव दिले होते. त्याच्या साहाय्याने त्यांनी भारतीय सस्तन प्राण्यांची कृष्णधवल छायाचित्रे घेतली. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० हा कॅमेरा निघाल्यानंतर स्वयंचलित केंद्रीकरणाचा प्रसार झाला.

वजन व प्रकाश : भिंगाच्या प्रवेशछिद्राचा व्यास केंद्रांतरास एफ-अंकाने भागून मिळतो. ४०० मिमी. केंद्रांतराच्या भिंगास एफ/५·६ साठी सु. ७१ मिमी., तर एफ/२·८ साठी सु. १४३ मिमी. व्यास लागतो. व्यास दुप्पट झाला की प्रकाश चौपट मिळतो. परंतु आकार सर्व बाजूंनी त्याच प्रमाणात वाढल्यास काचेचे घनफळ आठपट होते. उघड्या उन्हात ६४ ए. एस. ए. वेगाच्या फिल्मवर एफ/५·६ ला सु. १/५०० सेकंद उद्‍भासन पुरते. वृक्षछायेत प्रकाश बत्तीस पटींनी घटल्यास तेथे सु. १/१५ सेकंद लागतो. एवढ्या वेळात हात तर हालतोच, प्राणीही हालतो. एफ/२·८ चे भिंग हा काळ १/६० सेकंदावर आणते. म्हणजे वजनाच्या मोबदल्यात प्रकाश मिळतो. तरीही भक्कम तिपाई लागतेच.

हाताने केंद्रीकरण : ४०० मिमी. भिंग एफ/५·६ वर ठेवून २० मी. अंतरावरील भेकराचे चित्र घेतल्यास सुस्पष्टतेची एकूण खोली सु. ८० सेंमी. एवढीच असते. कडे किंचित अधिक फिरले तरी डोळ्याऐवजी मागील पाने स्पष्ट होतात. यासाठी पाणवठा किंवा पायवाट हेरून तेथील एखाद्या खोडावर आधीच केंद्रीकरण करून थांबण्याची रीत पडली. त्यासाठी वाऱ्याची दिशा, ठसे व प्राण्यांच्या वेळा ठाऊक असाव्या लागतात. स्वयंचलित यंत्रणा पुढच्या फांदीवर खिळण्याचा संभव असतो. हाताने मात्र तिच्यापलीकडचा प्राणी निवडता येतो.

राधानगरीचे अरण्य : कोल्हापुरातील शाहूपुरी परिसरात रेल्वे व बस स्थानके असल्याने बाहेरगावचे बहुतेक प्रवासी येथूनच राधानगरी व दाजीपूरकडे जातात. दाजीपूरचे जंगल कोल्हापूर संस्थानचे राखीव शिकारक्षेत्र होते. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५८ मध्ये गव्यांसाठी येथे अभयारण्य घोषित झाले व १९८५ मध्ये त्याचा विस्तार करण्यात आला. पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर राधानगरीस २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली. परंतु दबा धरणे, वारा पाहणे व माग काढणे ही शिकाऱ्याची विद्या छायाचित्रकाराकडेही आली.

अवजड भिंग घेऊन दाट झाडीत शिरणे कठीण. त्यामुळे ते सडे, पाणवठे व रस्त्यांच्या कडेस लावले जाते. उघड्यावर चरणारा गव्यांचा कळप त्यात सहज सापडतो. झुडपांतून रात्री फिरणारे लहानसे पिसोरी हरीण किंवा उंच शेंड्यावरून उड्या घेणारे शेकरू तितके सहज सापडत नाही. जुन्या छायाचित्रांवरून अरण्यातील प्राण्यांचा अंदाज बांधताना ही गोष्ट विसरून चालत नाही. छायाचित्र नाही म्हणून तो प्राणी तेथे नव्हता, असा निष्कर्ष काढता येत नाही.

अंकीय कॅमेऱ्यांची प्रकाशसंवेदनक्षमता वाढल्याने आज हलकी भिंगेही वृक्षछायेत चालतात. आरशाविना कॅमेऱ्यांत प्रतिमेचा स्पष्ट भाग रंगाने दर्शविण्याची सोय असल्याने हाताने फिरवावयाची जुनी भिंगे जोडकड्यांच्या साहाय्याने पुन्हा वापरता येतात. चॅम्पियन यांच्या तारेची जागा प्राण्याच्या उष्णतेने व हालचालीने चालू होणाऱ्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनी घेतली असून भिंगाच्या टप्प्यात न आलेल्या निशाचरांची नोंद आता त्यांद्वारे होते.