हिंदीनगरची शिडी

भाषा शिकणाऱ्याला पायरीपायरीवर बक्षीस दाखवत पुढे न्यायची युक्ती ड्युओलिंगोने २०१२ साली काढली, असं माझ्या नातीला वाटतं. आमच्या सेवाग्रामपासून आठेक किलोमीटरवर, वर्ध्याच्या हिंदीनगरात, हा खेळ जुना आहे. १९३६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या हिंदीच्या परीक्षा बघा : प्राथमिक, प्रारंभिक, प्रवेश, परिचय, कोविद, रत्न. एक प्रमाणपत्र हातात पडलं की पुढचा फॉर्म भरायचा.

शाळा सुटल्यावर हे वर्ग मी बरीच वर्षं घेतले. पोरं प्रेमचंदांच्या ओढीने येत नसत. शेजारचा ‘परिचय’ झाला आणि आपण अजून ‘प्रवेश’लाच, हे सहन होत नसे म्हणून येत. मला चालायचं. त्या ईर्ष्येपायी आमच्याकडच्या ‘मेरेकू-तेरेकू’ला थोडं व्याकरण तरी लागलं. पण कोविदची सनद भिंतीवर लागली की पुष्कळांची पुस्तकं माळ्यावर जात. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांना अमेरिकेतल्या बालवाडीत असंच काहीसं दिसलं : प्रमाणपत्राचं आमिष दाखवलेली चित्रवेडी मुलं पुढे मोकळ्या वेळात इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली.

सेवाग्रामात मात्र शिडीच नव्हती. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर इथे हस्तोद्योगातून शिकवणारी नई तालीम उभी राहिली. ती चालवणारे आर्यनायकम् सिलोनचे तमिळ, आशादेवी बंगाली. पुढे आलेल्या मार्जोरी साइक्स इंग्रज. सूत का तुटतं, भाजी कोण चिरणार, हे ठरवायचं तरी सगळ्यांची मिळून एक भाषा लागेच. बक्षीस कुणाला आठवतंय!

बक्षिसाविना भाषा शिकायचा रोजचा नेम खुद्द बापूंनीही पाळला. दंगलीने होरपळलेल्या नोआखालीत निर्मलकुमार बोस यांच्याकडे ते बंगाली शिकत, आणि ३० जानेवारी १९४८ च्या सकाळीही त्यांनी बंगालीचा धडा गिरवला. वय ७८. ज्यांची समजूत घालायची, त्यांची ती भाषा होती.

आज असं बक्षिसाविना भाषा शिकणं बघायचं तर इथल्या मेडिकल कॉलेजात जावं. १९६९ पासून तिथे परप्रांतांतली मुलं येतात, आल्याआल्या बापूंच्या आश्रमात राहतात, मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. ड्युओलिंगोवर मराठीचा अभ्यासक्रम नाही. असता तरी चमक निघते, मुरडा येतो आणि ठणका लागतो यांतला फरक त्यांना गावातल्या ओसरीवरच कळला असता. सहा महिन्यांत ती पोरं म्हातारीला “कुठं दुखते माय?” असं थेट वऱ्हाडीत विचारू लागतात, आणि तिचं उत्तर लांबलं की घड्याळ न बघता ऐकतात.