झाडीपट्टीचा आवाज आणि जुना भोंगा

जुनी वस्तु टाकून द्यावी कीं दुरुस्त करून वापरावी, हा प्रश्न प्रत्येक संसारांत उद्भवणारा आहे. पितळेची घागर चेपली तर आपण ती तांबटाकडे धाडतों. मातीचा माठ फुटला तर तो सांधण्याच्या खटपटींत कोणी पडत नाहीं. चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांत हाच प्रश्न ध्वनिक्षेपकाविषयीं पडतो, आणि तेथें त्याचें महत्त्व घागरीहून पुष्कळच अधिक आहे. दिवाळी उलटून धान घरांत येऊं लागलें म्हणजे तेथें नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो होळीपर्यंत चालतो. रात्रीच्या जेवणानंतर आरंभलेलें नाटक पहांटेपर्यंत रंगतें, आणि त्यांतील प्रत्येक शब्द मंडपाच्या अखेरच्या रांगेपर्यंत पोंचविण्याचें काम ध्वनिक्षेपकाकडे असतें. तो खरखरूं लागला कीं दुरुस्ती करावी कीं नवा घ्यावा, हा प्रश्न उभा राहतो. आमच्या मतें त्याचें उत्तर दुकानदाराच्या दरपत्रकांत पाहण्यापूर्वीं थोडेंसें इतिहासांत पाहिलें पाहिजे.

वैनगंगेच्या खोऱ्यांतील या प्रदेशास झाडीपट्टी म्हणतात. चंद्रपूर, भंडारा व गोंदिया यांसह १९८२ सालीं चंद्रपुरांतून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हाहि तींत मोडतो. दंडार, खडी गंमत, डहाका हे येथील जुने लोकरंजनाचे प्रकार. त्यांत नटाचा कंठ हेंच काय तें साधन होतें. लोक कोंडाळें करून बसत. जेथवर आवाज जाई तेथवर प्रेक्षक, आणि त्यापलीकडे अंधार. पुण्यास १८८० सालीं ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलें तेव्हां तेथील नटांचीहि स्थिति याहून निराळी नव्हती. शेवटच्या बाकावरील श्रोत्यापर्यंत स्वर पोंचविणें हा त्यांच्या विद्येचाच एक भाग होता. यंत्रापूर्वींच्या रंगभूमीचें माप मनुष्याच्या छातींतील श्वासानें ठरत असे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

हें माप मोडणारें यंत्र परदेशांत हळूहळू घडत गेलें. १८९८ सालीं ऑलिव्हर लॉज या इंग्रज शास्त्रज्ञानें चुंबकाच्या क्षेत्रांत हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याची कल्पना मांडली. १९१५ सालीं जेन्सन व प्रिडहॅम यांनीं सॅन फ्रान्सिस्को शहरांत मोठ्या जनसमुदायास कर्ण्यांतून आवाज ऐकविला. १९२५ सालीं राइस व केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनीं जी रचना प्रसिद्ध केली, तिचेंच रूप आजहि बहुतेक ध्वनिक्षेपकांत दिसतें. आपल्याकडे १९३१ सालीं ‘आलम आरा’ व १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटांनीं हें यंत्र चित्रपटगृहांत आणलें. सभांच्या मैदानांत तें नेलें राष्ट्रीय चळवळीनें. मुंबईच्या ‘शिकागो रेडिओ’ पेढीचे ध्वनिक्षेपक काँग्रेसच्या व्यासपीठांवर नित्य दिसूं लागले. आणि १९४२ सालच्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या प्रकरणांत त्या पेढीचे नानिक मोटवाने यांस खटल्यासहि तोंड द्यावें लागलें. आवाज दूरवर नेणारें यंत्र ही केवळ करमणुकीची वस्तु नव्हे, हें सरकारनें तेव्हांच ओळखलें होतें.

मात्र यंत्र आवाज वाढवितें, निर्माण करीत नाहीं, हेंहि त्याच वर्षीं याच भूमींत दिसून आलें. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं चांदा जिल्ह्यांतील चिमूर गांवीं जो उठाव झाला, त्यापूर्वीं लोकांचीं मनें चेतविलीं होतीं तीं तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवरील भजनांनीं.

पुढें हें यंत्र नाटकाच्या मंडपांतहि आलें आणि झाडीपट्टीच्या नाटकाचें स्वरूप पालटलें. कोंडाळ्याचा जमाव हजारोंच्या घरांत गेला. वडसा येथें नाटक मंडळ्यांचीं कार्यालयें थाटलीं गेलीं. शेंकडों कुटुंबांची मीठभाकरी या हंगामावर अवलंबून राहूं लागली. गडचिरोलीचे नट परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां या रंगभूमीचें नांव देशभर झालें. परंतु ज्या रंगभूमीनें आपला विस्तार यंत्रावर उभारला, तिला यंत्राच्या दुखण्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाहीं.

हें दुखणें कोठें असतें? ध्वनिक्षेपकांत टिकाऊ व झिजाऊ असे दोन भाग असतात. चुंबक, लोखंडी सांगाडा आणि भोंग्याचा ॲल्युमिनियमचा कर्णा हे टिकाऊ होत; बेतानें वापरल्यास एक पिढी सहज काढतात. कागदी शंकू, त्याच्या कडेची लवचीक पट्टी, तारेचें वेटोळें आणि भोंग्याच्या युनिटांतील पातळ पडदा हे झिजाऊ. फेसाळ रबराची पट्टी दमट हवेंत कांहीं वर्षांतच भुगा होते. कागद ओल पितो. मर्यादेबाहेर आवाज चढविल्यास वेटोळें जळतें. चार महिने गाजणारें व पावसाळाभर कोंदट खोलींत पडून राहणारें यंत्र या भागांतच बिघडावें हें स्वाभाविक होय. शंकू बोटांनीं हलकेच दाबला असतां घासल्याचा आवाज येतो काय, वेटोळ्याच्या तारा अखंड आहेत काय, एवढें पाहिल्यानें निम्मा निर्णय होतो. चुंबक व सांगाडा शाबूत असतील तर झिजाऊ भाग बदलून घ्यावा. तालुक्याच्या गांवचा कारागीर तें काम करतो. चुंबक सरकला असेल, सांगाडा वांकला असेल किंवा त्या मापाचा पडदा मिळतच नसेल, तर मोह सोडावा. आणि विजेच्या तारांचें आवरण चिरलें असेल तेथें काटकसर हें पातक आहे. दंवानें भिजलेल्या मंडपांत ती काटकसर एखाद्याच्या जिवावर बेतूं शकते.

आतां नव्या यंत्राची बाजू पाहूं. उंच रचलेल्या नव्या पेट्यांचा गंभीर नाद छातींत घुमतो आणि नृत्यगीतास तो शोभतो, हें आम्हांस मान्य आहे. पण भाषा समजते ती मुख्यतः व्यंजनांनीं, आणि त्यांचा ध्वनि सेकंदास साधारण हजार ते चार हजार कंपनांच्या पट्ट्यांत असतो. जुना भोंगा नेमका हाच पट्टा ठळक करतो. त्याच्या स्वरांत माधुर्य कमी, परंतु संवादाची स्पष्टता अधिक. मागें घोंगडी पांघरून बसलेल्या म्हातारीस नायिकेचा हुंदका ऐकूं यावा असें वाटत असेल, तर केवळ दणदणाट विकत घेऊन भागणार नाहीं.

भोंग्याचा दोषहि सांगितला पाहिजे. बांबूच्या टोकावर चढविला कीं तो मंडपापेक्षां शेजारच्या गांवांसच अधिक ऐकूं जातो. एके काळीं हाच त्याचा गुण होता. नाटक आहे ही वर्दी त्यानेंच दिली. परंतु २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं उघड्या जागीं रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत ध्वनिक्षेपकास बंदी घातली. राज्य सरकारास वर्षांतून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंतची सवलत देतां येते. सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं या निर्बंधांस दुजोरा दिला. रात्रभर चालणाऱ्या रंगभूमीस हा पेंच लहान नाहीं. निजलेल्या आजाऱ्याचा व अभ्यास करणाऱ्या मुलाचा हक्कहि खोटा नाहीं. म्हणून भोंगा उतरवून खालीं आणावा, त्याचें तोंड प्रेक्षकांकडे कलतें करावें, आणि एका मोठ्या आवाजाऐवजीं मंडपांत ठिकठिकाणीं लहान आवाज वांटून द्यावा. अशी दुरुस्ती यंत्राची नसून त्याच्या जागेची आहे, आणि तिला खर्च जवळजवळ नाहींच.

सारांश, निर्णय घेतांना तीन गोष्टी क्रमानें पाहाव्या: जीवितास धोका आहे काय, टिकाऊ भाग शाबूत आहे काय, आणि शब्द अखेरच्या रांगेस कळतो काय. धोका असेल तेथें नवें घ्यावें. टिकाऊ भाग धड असेल तेथें दुरुस्त करावें. शब्द कळत नसेल तर प्रथम जागा बदलून पाहावी. यांतून जो पैसा वांचेल तो नटाच्या बिदागींत घालावा, अशी आमची सूचना आहे. कारण दंडारीच्या कोंडाळ्यांत ज्या कंठासाठीं लोक जमत, त्याच कंठासाठीं ते आजहि थंडींत पहांटेपर्यंत बसतात.